गातून तलावातला पीकॉक बास, फ्लाय रॉडवर

पनामा म्हटलं की लोकांना कालवा आणि जहाजं आठवतात, मी मात्र गेलो होतो तिथल्या गातून तलावात पीकॉक बास नावाचा मासा पकडायला आणि तेही फ्लाय रॉडवर, म्हणजे हलकं नकली आमिष दोरीच्या वजनावर फेकायच्या लवचिक काठीवर. पनामा सिटीतून पहाटे निघालो, सोबेरानियाच्या जंगलातून गाम्बोआ गाठलं, धक्क्यावर छोटी मोटरबोट उभीच होती आणि उजाडलं तेव्हा आम्ही पाण्यावर. हा तलाव मुळात माणसाने केलेला आहे बरं का, चाग्रेस नदीवर गातूनला धरण घातलं आणि १९१३ पर्यंत अख्खं खोरं पाण्याखाली गेलं, टेकड्यांचे माथे तेवढे बेटं होऊन राहिले. पाणी समुद्रसपाटीपासून साधारण २६ मीटर उंच, त्यामुळे जहाजं लॉकमधून (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे बंद हौद) वर चढतात, तलाव ओलांडतात आणि पलीकडे परत उतरतात. एका बाजूने कंटेनर लादलेलं प्रचंड जहाज चाललंय आणि दुसऱ्या बाजूला झाडांवर हाऊलर माकडं ओरडतायत, मी कास्ट करायचं, म्हणजे दोरी फेकायचं, सोडून बघतच बसलो.

बुडालेल्या जंगलाचे बुंधे अजून पाण्यात उभे आहेत आणि मासा त्यांच्याच आसऱ्याला असतो. पीकॉक बास नजरेवर शिकार करतो, म्हणून सगळा खेळ दिवसाउजेडी, रात्री तो गप्प. आठ वजनाचा, म्हणजे दणकट रॉड, फ्लोटिंग लाइन (तरंगणारी दोरी) आणि जाड, सरळसोट लीडर (लाइन आणि आमिष जोडणारा धागा), कारण मासा लागला की पहिला धावतो तो बुंध्याकडे आणि बारीक लीडर तिथे टिकत नाही. लाइन गरम हवामानासाठी बनवलेलीच हवी, थंड पाण्यातली लाइन या उकाड्यात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांतून सरकतच नाही.

गाईड सारखं एकच सांगत होता, "रापिदो, रापिदो", म्हणजे भराभर ओढा. ट्राउट मासा पकडायच्या सवयीने रॉडचं टोक वर उचललं की गळ तोंडातून निसटतो, इथे टोक पाण्याकडेच ठेवायचं आणि डाव्या हाताने लाइन जोरात खेचायची. मी पांढरा-हिरवा क्लाउझर (छोट्या माशासारखं दिसणारं, बुडणारं आमिष) एका आडव्या खोडाच्या कडेला टाकला, दोन-तीन खेचा झाल्या आणि खालून सोनेरी-हिरवं काहीतरी वळताना स्पष्ट दिसलं, पुढच्याच क्षणी लाइन बोटांतून अशी सुटली की कातडी भाजली (बोटांना टेप लावाच). दोनदा हवेत उडी, मग खोल बुडी, मग बोटीखालून पलीकडे. हातात आला तेव्हा अंगावर काळे पट्टे, लालसर पर आणि शेपटीच्या मुळाशी सोनेरी कड्यातला काळा डोळा. दात बारीक, पॉलिश पेपरसारखे, अंगठा तोंडात घालून खुशाल धरता येतो. तिथले लोक याला सार्हेंतो म्हणतात, म्हणजे सार्जंट, ते पट्टे बघितले की नाव लगेच पटतं.

एरवी फ्लाय फिशिंगमध्ये मासा परत सोडायचा ही माझी पक्की सवय, इथे मात्र मी तो ठेवून घेतला आणि त्याचं कारण सांगायलाच हवं. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पनामात तो तळ्यांमध्ये पाळायला आणला होता आणि १९६७ च्या सुमारास तिथून सुटून या तलावात शिरला. १९७३ मध्ये झॅरेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी लिहिलं की जिथे तो पोचला तिथून पूर्वी मुबलक असलेले बहुतेक छोटे मासे नाहीसे झाले, आणि त्यांच्यावर जगणारे पाणपक्षीही कमी झाले. पुढे ४५ वर्षांनी पुन्हा पाहणी केली तरी ते मासे सावरले नव्हतेच. एवढा देखणा, एवढा झुंजार मासा आणि त्याने तलावाचं असं केलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण म्हणून त्याला पकडण्यातली मजा खोटी ठरत नाही. खायलाही उत्तम आहे, पांढरं घट्ट मांस, काटे कमी.

जाणार असाल तर कोरडा मोसम बघा, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. वारा तेव्हा जोरात असतो, म्हणून उघड्या पाण्यात कास्ट करायच्या भानगडीत न पडता बेटांमागच्या आडोशाच्या खाड्या धरायच्या, सकाळी सकाळी पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचं आमिष) आणि ऊन चढलं की खोल जाणारा क्लाउझर. गळ भरपूर न्या, बुंधे बरेच खाऊन टाकतात.