गेलं कुठे?

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न ‘हे कसं करायचं?’ हा नसतो. ‘अगं, आत्ता तर इथे होतं, गेलं कुठे?’ हा असतो. शिकवणीची पुस्तकं मात्र या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. ती सुरू होतात इनपुट, आउटपुट आणि ‘सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे’ इथून. मेंदू कुठला हे कळल्यामुळे कोणाचं अडलेलं काम सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

माझी आत्या निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकायला बसली, तेव्हा पहिली अडचण बोटाची निघाली. डबल क्लिक. ज्याला येतं त्याला त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच आठवत नाही. दोन टिचक्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला की फाइल उघडतच नाही, उलट तिचं नाव निळं होतं आणि कॉम्प्युटर नव्या नावाची वाट बघत बसतो. बटण दाबलेलं असताना हात किंचित सरकला की फोल्डरही सरकतो, आणि शेजारच्या फोल्डरवर सुटला तर गुपचूप त्याच्या पोटात जातो. आवाज नाही, सूचना नाही. माउस सरकत सरकत टेबलाच्या कडेला पोचला की आत्याचा हात तिथेच अवघडून थांबायचा. माउस उचलून पुन्हा मधोमध ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे चालवून दाखवला, तेव्हा समोर बसलेली सगळी मंडळी कॉम्प्युटरमधलीच होती, तरी त्यांना ते नवलच वाटलं होतं. हे ऐकून आत्याला जरा धीर आला.

बोटं वळली ती पत्त्यांमुळे. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला. त्यात पान धरायचं, ओढत न्यायचं आणि हव्या त्या जागी सोडायचं, एवढंच करत राहावं लागतं, आणि फाइल हलवताना नेमकं तेच लागतं. आमच्या शिकवणीतला सगळ्यात उपयोगी धडा तोच. फक्त तो लवकर संपेना.

मग प्रश्न अवघड व्हायला लागले. मजकूर ‘कट’ केला की पडद्यावरून जातो. कुठे? तर क्लिपबोर्ड नावाच्या एका जागेत, जी समोर कुठेच दिसत नाही आणि जिथे एरवी एका वेळी एकच गोष्ट मावते. मध्येच दुसरं काही कॉपी केलं की आधीचं गेलं. अर्धं पत्र अशा अदृश्य जागी ठेवून माणसाने निर्धास्त राहावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे. सेव्हचंही तसंच. ‘दिसतंय ना समोर? मग नाही कसं म्हणतेस?’ असं आत्याने विचारलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. समोर दिसणारं पत्र तेव्हा फक्त रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असतं, आणि वीज तुटली की रॅमला काहीही आठवत नाही. डिस्कवर उतरेपर्यंत त्या पत्राचा भरवसा नाही. हल्ली काही प्रोग्रॅम आपलं आपण सेव्ह करत राहतात, पण कुठला करतो आणि कुठला नाही हे लक्षात ठेवण्यापेक्षा कंट्रोल आणि एस दाबलेलं बरं.

डिलीटच्या बाबतीत उलटा प्रकार. इथे गेलं असं वाटतं आणि जात नाही. आधी ते रीसायकल बिनमध्ये जातं. बिन रिकामा केला तरी बहुतेक वेळा कॉम्प्युटर दारावरची पाटी तेवढी काढतो, बिऱ्हाड आतच असतं. दुसरं कोणी राहायला येईपर्यंत, म्हणजे त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत, जुनी फाइल परत मिळवून देणारे प्रोग्रॅम असतात. नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र ही आशा धरू नये, तिथे मोकळी झालेली जागा मागच्या मागे पुसलीही जाते. जुना कॉम्प्युटर विकायला काढणाऱ्याने यातला पहिला भाग लक्षात ठेवावा, आणि चुकून फोटो उडवणाऱ्याने दुसरा.

बंद करण्यातही मेख आहेच. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र खरोखरच पहिल्यापासून सुरुवात होते. त्यामुळे मशीन अडून बसलं तर बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करावं. हे बऱ्याच सराईतांनाही ठाऊक नसतं.

इंटरनेटवर आलो तेव्हा ‘कुठे’ हा प्रश्न नुसता सोयीचा राहिला नाही. आपल्या फाइली इंटरनेटवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या, त्याला क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हटल्यावर आत्याने साहजिकच वर पाहिलं. प्रत्यक्षात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा बहुतेक सगळा मजकूर खाली, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या ‘खासगी’ खिडकीत पाहिलेलं आपल्या ब्राउझरच्या इतिहासात राहत नाही, पण आपण गेलो होतो हे त्या वेबसाइटला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळायचं ते कळतंच. आणि वेबसाइटचा पत्ता वाचायचा तो पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे. बँकेचं नाव अगदी सुरुवातीला दिसलं म्हणून ती वेबसाइट बँकेची ठरत नाही, खरा मालक त्या रेघेच्या लगेच आधी असतो. नवशिक्यांच्या पहिल्या तासाला इनपुट-आउटपुटच्या जागी हे शिकवलं तर मी आनंदाने टाळ्या वाजवीन.

परवा आत्याला स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पीडीएफ करून कोणाला तरी पाठवायचा होता. शोधल्यावर फुकट पीडीएफ करून देणाऱ्या वेबसाइटांची रांग लागली. तिने एक उघडली, ‘अपलोड’वर बाण नेला आणि थांबली.

‘हे तिकडे जाऊन परत येणार ना?’

‘हो.’

‘मग तिकडे राहत नाही कशावरून?’

काम झाल्यावर फाइल पुसतो असं त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आत्याने ते वाचलं आणि खिडकी बंद केली. मग मी तिला फोटो उघडून प्रिंट द्यायला लावली, आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायला सांगितलं. विंडोज 10 पासून ही सोय आतच असते, फाइल घराबाहेर पडतच नाही. प्रिंट म्हटल्यावर कुठेच कागद आला नाही, पण फाइल कुठे ठेवायची हे विचारणारी चौकट उघडली. मी डाउनलोड्स म्हणणार, तेवढ्यात तिने डावीकडची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, डॉक्युमेंट्समध्ये जाऊन स्वतःच्या नावाचा नवा फोल्डर केला, आणि माउस न सोडता म्हणाली, ‘तू जरा गप्प बस.’