दुर्बिणीच्या पोटातला उजेड

दुर्बिणीतून सगळं फिकट दिसतंय, चांगला आयपीस (डोळा लावतो ते भिंग) कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलंय. आधी आहे तो आयपीस काढ आणि दिवसा फोकसरच्या (आयपीस बसतो त्या नळीच्या) भोकातून नुसत्या डोळ्याने आत बघ (दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे नको हां, हे सांगावंच लागतं). न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) असेल तर छोट्या आरशात मोठा आरसा दिसायला हवा आणि त्याच्या भोवती नुसता काळोख. दिसतं काय, तर समोरची ट्यूबची भिंत राखाडी, फोकसरची नळी आतून चकचकीत, मोठ्या आरशाच्या कडेने मागच्या फटीतून उजेड येतोय, स्क्रूची डोकी लकाकतायत. रात्री हे सगळं तिथंच असतं, समोरच्या सोसायटीचा पांढरा एलईडी त्याच्यावर पडतो आणि तो उजेड आयपीसमधल्या काळ्या आकाशावर पसरतो. गुरू, शनी दिसतात हो, पण मृगातल्या तेजोमेघाच्या कडा आणि देवयानी दीर्घिकेचा बाहेरचा भाग गेलाच म्हणून समजा.

"पण आतून मॅट ब्लॅक मारलाय की!" मारलाय, पण तो समोरून बघितला तर काळा. शाळेत कडेच्या बाकावरून फळा कसा चमकायचा, अक्षरच लागायचं नाही, तेच इथं होतं, कारण लांब ट्यूबमध्ये बहुतेक उजेड भिंतीला घासूनच जातो, आणि तिरक्या कोनात चांगला मॅट रंगही बराच उजेड परत फेकतो. 2014 साली आलेलं व्हँटाब्लॅक नावाचं अतिकाळं लेपन 99.965 टक्के उजेड गिळतं म्हणे, पण ते काही पुण्याच्या बोहरी आळीत मिळत नाही.

तिथं रविवार पेठेत मिळते ती मखमल, ट्यूबला आतून चिकटवायला.

"काका, काळी मखमल दाखवा, अजिबात चमक नको."
"मखराला का?"
"नाही, दुर्बिणीला."

यावर काका काही बोलत नाहीत, पण मी मोबाईलचा टॉर्च कापडावर आडवा धरून बघायला लागलो की मात्र बघत राहतात. हीच खरी परीक्षा, आडव्या उजेडात जे काळं राहतं ते घ्यायचं. भाव बघू नका, महाग मखमल उलट जास्त चमकते. मखमल नको असेल तर रंगात लाकडाचा भुसा मिसळून मारायची जुनी पद्धत आहे, खरखरीतपणामुळे तिरका उजेड अडकतो, पण भुसा झडून आरशावर पडतो म्हणून मला ती आवडत नाही. मखमलीचेही धागे सुटतात, तेव्हा चिकटवायच्या आधी ब्रशने झटकून घ्या आणि दोन्ही आरसे बाहेर काढल्याशिवाय ट्यूबला हात लावू नका.

पूर्ण ट्यूब मढवायची गरजही नसते. फोकसरच्या बरोबर समोरचा तुकडा आणि फोकसरची नळी, एवढ्यातच निम्म्याहून जास्त काम होतं असं माझं मत. मग छोट्या आरशाची कड काळी करायची (कड म्हणजे कडच, आरशाच्या तोंडावर थेंब जाता कामा नये). गोंद मात्र बघून घ्या, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या खोलीत डबल टेप सुटतो आणि कापड लोंबून थेट उजेडाच्या वाटेत येतं. लेन्सवाल्या दुर्बिणीत मखमलीपेक्षा आतल्या धारदार कडेच्या रिंगा, म्हणजे बॅफल, जास्त कामाच्या, त्या बहुतेक आधीपासून असतात.

शहराच्या आकाशाचाच जो उजेड आहे तो याने एक कणही कमी होत नाही, तो तारे येतात त्याच वाटेने येतो, त्यासाठी शहराबाहेर वेल्ह्याकडे गाडी काढावीच लागते. गंमत म्हणजे तिथल्या अंधारात मखमलीचा फरक कमी जाणवतो, कोथरूडच्या गच्चीवर जास्त.

गच्चीसाठी अजून एक, काळ्या योगा मॅटची गुंडाळी करून ट्यूबच्या तोंडाला लावा, फोकसरच्या पुढे निदान मोठ्या आरशाच्या व्यासाइतकी तरी. शेजारचा दिवा समोरच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. फक्त डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर नुसती तोलून ठेवलेली न्यूटोनियन) असेल तर तोंड जड होऊन खाली झुकतं, मागे थोडं वजन बांधा.