आमची वाटचाल : दोन बफ मोटरी आणि एक काळी पडलेली जावा

आमचं दुकान बेळगावच्या अनगोळात आहे. दुकान कसलं, पत्र्याची शेडच. आत दोन बफ मोटरी, म्हणजे चमकवायचं चाक फिरवणाऱ्या मोटरी, गाडी धुवायचा कट्टा आणि कायम कुणाची तरी उघडीनागडी गाडी. जुन्या मोटारसायकलीचं इंजिन बाहेरून साफ करणं आणि धातू चमकवणं, एवढंच काम आम्ही करतो. पिस्टन-रिंगांना हात लावत नाही, ते मेकॅनिकचं काम.

त्याआधी मी उद्यमबागेत बफिंगला होतो. फौंड्रीतून आलेली कास्टिंग दिवसभर घासायची, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. सुट्टीला मित्रांच्या आरएक्स हंड्रेडची कव्हरं चमकवून द्यायचो, मजुरी म्हणजे चहा. त्यातली एक गाडी लोकांनी बघितली आणि अनोळखी पोरं दारात यायला लागली. मग भंगारातून एक जुनी मोटर उचलली, घरामागे बसवली. हिशेब बायकोने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवला, म्हणून आजवर तरलो.

पहिल्याच वर्षी आपटलो मात्र. खानापूरचे एक निवृत्त मास्तर जावा घेऊन आले. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून बनायला लागलेल्या त्या गाड्या. पुढे त्यांचीच येझदी झाली आणि १९९६ला सगळंच थांबलं. अॅल्युमिनियमच्या क्लच कव्हरवर तेलामातीचा थर इतका घट्ट की नखाने निघेना. कारखान्यात लोखंडी माल साफ करायला कॉस्टिक सोड्याची टाकी असायची. तीच अक्कल इथे चालवली. बादलीत कॉस्टिक कालवलं, कव्हर सोडलं आणि चहाला गेलो. परत येतो तर बादली चुलीवर ठेवल्यासारखी फसफसतेय. कव्हर बाहेर काढलं ते तव्यासारखं काळं. काळं घासून गेलं, पण पॅकिंग बसते ती कड खाल्ली गेली होती. बसवलं तसं तेल पाझरायला लागलं.

मास्तर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "अरे, आपल्या यमनापूरला बॉक्साइटमधून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचा कच्चा माल काढतात, ते कशात विरघळवून? कॉस्टिकमध्येच. विज्ञान शिकवायचो मी. विचारायचंस तरी." दुसरं कव्हर मिळेपर्यंत दोन महिने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. पैसे अर्थात माझे.

तेव्हापासून शेडमध्ये कॉस्टिक नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं प्लास्टिक बांधून बंद करायची, डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन फिन्समधली (इंजिनच्या पात्यांमधली) माती मऊ करायची, मग साबणाचं पाणी. प्रेशरचं पाणी चाकांच्या बेअरिंगवर मारत नाही. आत शिरलेलं पाणी नंतर महिनाभराने बोलतं. कव्हरवर कंपनीचा लॅकर, म्हणजे पारदर्शक रंग असेल तर आधी तो रिमूव्हरने उतरवावा लागतो, नाहीतर नुसताच पिवळा पापुद्रा चमकतो आणि खाली पांढरी बुरशी, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, तशीच. आपल्याकडच्या पावसाने अॅल्युमिनियमवर ती धरतेच.

मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. ३२०, ६००, १००० नंबरचे. प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा चालवायचा. उभ्या रेघा पुसल्या की पुढचा नंबर. ही एक गोष्ट पोरांना शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण सगळ्यांना थेट बफवर जायची घाई. पेपरची रेघ राहिली तर बफ ती लपवत नाही, उलट उन्हात जास्त दाखवतो. शेवटी काथ्याचा बफ काळ्या लस्टरने (पॉलिशच्या वडीने), कापडी बफ पांढऱ्याने, आणि कड नेहमी चाकाच्या खालच्या अंगाला. वरच्या कडेने धरलं की चाक वस्तू हिसकावतं. माझ्या नडगीवर एका मॅग्नेट कव्हरची खूण आहे. लोखंडाचं काम आणि अॅल्युमिनियमचं काम एका मोटरवर होत नाही; अॅल्युमिनियमच्या बारीक भुकटीवर ठिणगी पडली तर खेळ खलास.

क्रोमला पेपर लावत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. तो थर केसाहूनही पातळ, त्याखाली निकेल. गंजाचे ठिपके असतील तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायची. ती क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. थर सुटलाच असेल तर पुन्हा मुलामा, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. जुन्या जावाचा, बुलेटचा बिडाचा बोअरही (सिलिंडर) बाहेरून चमकवत नाही. त्याला काळा उष्णतेचा रंग द्यायचा. यावरून दोन-चार गिऱ्हाइकं रुसून गेली, गेली तर गेली.

२०२०च्या लॉकडाऊननंतर अंगणात, गोठ्यात पडलेल्या गाड्या बाहेर निघाल्या आणि आम्हाला दुसरी मोटर घ्यावी लागली. गोकाक, बैलहोंगलकडून येतात लोक. गाडी उन्हात काढली की एखादा आपला चेहरा कव्हरमध्ये बघत म्हणतो, "भाळ छलो आगेद री." म्हणजे फार छान झालंय. दरावरून मात्र कन्नड आणि मराठी गिऱ्हाईक सारखंच घासाघीस करतं.

खंडेनवमीला आणायची असेल तर पंधरा दिवस आधी आणा, आदल्या रात्री नको. आणि पूजेचं लिंबू इंजिनवर पिळू नका, चाकाखालीच ठेवा. गेल्या वर्षी तीन कव्हरं त्याच डागांपायी परत आली.