टी-बोन वॉकर पहिल्यापासून : १९४७ पर्यंत आलो

मंडळी, अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक टी-बोन वॉकरची सगळी रेकॉर्डिंग तारखेच्या क्रमाने ऐकायची आणि जमेल तेवढी गिटारवर बसवायची, हे काम चालू आहे. सध्या १९४७ मध्ये आहे आणि तिथून पाय निघत नाहीये.

आधीचं थोडक्यात सांगतो. १९२९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘ओक क्लिफ टी-बोन’ या नावाने दोन गाणी रेकॉर्ड केली. अकूस्टिक गिटार आणि पियानो, बस. पोरवयात डॅलसच्या रस्त्यांवरून तो अंध ब्लूज गायक-गिटारवादक ब्लाइंड लेमन जेफरसनला हात धरून न्यायचा. त्या सहवासाची छाप या दोन गाण्यांवर आहे. मग एकदम १९४०, लेस हाइटच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं ‘टी-बोन ब्लूज’. यात तो नुसता गातो, गिटार फ्रँक पेस्लीची आहे. नव्याने ऐकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर त्याची शैली भलत्याच माणसाच्या वाजवण्यात शोधत बसाल.

खरी उडी जुलै १९४२ ची. कॅपिटॉल कंपनीसाठी केलेलं ‘मीन ओल्ड वर्ल्ड’. फ्रेडी स्लॅकचा पियानो, बास, ड्रम्स, आणि टी-बोनची इलेक्ट्रिक गिटार. ट्रम्पेट-सॅक्सोफोन काही नाही. मोठ्या बँडमध्ये गायकाची ओळ संपली की हॉर्न्स, म्हणजे ही फुंकून वाजवायची वाद्यं, उत्तर देतात. इथे ते उत्तर गिटार देते. ओळी तोकड्या, मध्ये श्वास घेतल्यासारखी जागा, शेवटचा सूर थोडा मागे रेंगाळलेला. माझं ठाम मत आहे की टी-बोन गिटारवर सॅक्सोफोनच वाजवतोय. एकदा हे कानात बसलं की पुढचं सगळं वेगळं ऐकू येतं.

ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या संगीतकारांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं, त्यामुळे संग्रहात इथे खिंडार आहे. १९४६ मध्ये तो ब्लॅक अँड व्हाइट कंपनीकडे येतो. १ जानेवारी १९४८ पासून दुसरा बंद येणार हे कळल्यावर सगळ्याच कंपन्यांनी वर्षअखेरीस भराभर रेकॉर्डिंग उरकून घेतलं. १९४७ चा ढीग इतका मोठा का, त्याचं हे एक कारण. घाईत केलेलं काम इतकं नितळ असू शकतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

‘कॉल इट स्टॉर्मी मंडे’ हे सप्टेंबर १९४७ चं, लॉस एंजेलिसमधलं. आपल्यापैकी बरेच जण हे गाणं ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडच्या १९७१ च्या लाइव्ह रेकॉर्डवरून शिकले. तिथल्या मधल्या चढत्या कॉर्ड्स गायक बॉबी ब्लँडच्या १९६१ च्या आवृत्तीतून आल्यात. टी-बोनचं मूळ गाणं त्याहून साधं आहे, आणि मला तरी तेच जास्त भिडतं.

यातली नाइन्थ कॉर्डची (नववा सूर मिसळलेल्या कॉर्डची) घसरण हाताखाली यायला वेळ लागला. जी या पट्टीत वाजवताना वरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तीन तारा बाराव्या फ्रेटवर एका बोटाने दाबा. जी, बी, ई मिळतात, म्हणजे जी सिक्स्थ. तेच बोट न उचलता दहाव्यावर ओढलं की एफ, ए, डी. खाली बास जी धरून असेल तर झाली जी नाइन्थ. सगळी गंमत त्या ओढण्याच्या वेगात आहे. फार लवकर पोचलं तर नुसती कॉर्ड बदलल्यासारखी वाटते. रेकॉर्ड सत्तर टक्के वेगावर लावून ही एकच हालचाल घोटतोय. आता ती तालावर बसायला लागली आहे.

दुसरी गोष्ट ‘टी-बोन शफल’साठी घोटतोय. एकच सूर दोन तारांवर आलटून पालटून वाजवायचा: दुसऱ्या तारेवर सरळ, तिसऱ्या तारेवर खालून खेचून. सूर तोच, पण पोत बदलतो. सॅक्सोफोनवाले एकाच सुरासाठी बोटांची मांडणी बदलून हेच करतात. पुढे चक बेरीने ही युक्ती उचलली आणि रॉक अँड रोलभर पसरली.

फोटोंत टी-बोन गिटार अंगापासून दूर, जवळजवळ आडवी धरलेला दिसतो. तशी धरून पाहिली. मनगटाचा कोन पार बदलतो, पिक तारांवरून ओढल्यासारखा जातो आणि आवाजाची धार जरा बोथट होते. खांदा भरून येतो, पण रोज थोडा वेळ तसं वाजवणार आहे. बाकी टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली, अँप स्वच्छ, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळणीच्या) तारा. रिव्हर्ब (घुमारा) बंद.

यानंतर १९५० ते ५४ ची इंपीरियल कंपनीची गाणी, सुरुवात ‘स्ट्रोलिन विथ बोन्स’ने. मग अटलांटिक कंपनीची. तिथल्या ‘टू बोन्स अँड अ पिक’मध्ये टी-बोनबरोबर त्याचा भाचा आर. एस. रँकिन आणि जॅझवाला बार्नी केसेल असे आणखी दोन गिटारवादक आहेत. कोणता सोलो कोणाचा हे ज्यांनी कानाने वेगळं काढलंय त्यांनी जरूर कळवा. मला केसेल लगेच ओळखू येतो. मामा-भाच्यात मात्र अजून अडकायला होतं.