शेवटच्या गड्याचा वेग

सोमवार, रात्री ९:३०

उद्याचा गजर ४:४५ चा. धावण्याचा ग्रुप ५:३० ला निघतो. मधला पाऊण तास कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो आणि दोन आठवड्यांत स्वतःच गजर मागे ओढतो. पोट साफ व्हायला वेळ लागतो, हे त्याचं पहिलं कारण आणि निम्म्या लोकांचं एकमेव कारण. दुसरं कारण म्हणजे अंग. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही उंच भरतो तो त्यामुळेच. अशा पाठीने उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरणं म्हणजे दुखणं हाताने ओढून आणणं. तरी घोळका जमला की पहिली हीच कवायत सुरू होते, कारण शाळेत तीच शिकवलेली असते.

कपडे रात्रीच काढून ठेवलेले बरे. मोजे बुटांत, बुटांची नाडी पूर्ण सैल केलेली, डोक्यावरचा दिवा चार्जिंगला. बनियन सुती असेल तर ती बाजूला. घामाने भिजलेलं सूत छातीवर घासतं आणि आठ-दहा किलोमीटरनंतर स्तनाग्रांतून रक्त येतं. याबद्दल पुरुष मंडळी आपसात बोलत नाहीत, आंघोळीला गेल्यावर एकटेच ओरडतात. कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट आणि बोटभर पेट्रोलियम जेली, एवढ्यात काम भागतं. तीच जेली जांघेत आणि काखेतही.

मंगळवार, ५ किमी, सावकाश

आधी नाडीचं. बुटाच्या सगळ्यात वर, घोट्याकडे जरा मागे सरकवलेलं एक जादा भोक असतं. बहुतेकांच्या बुटांत ते कायमचं रिकामं असतं. नाडीचं टोक बाहेरून आत, त्याच बाजूच्या त्या भोकात घालायचं, म्हणजे कडेला छोटा फासा राहतो. दोन्हीकडे असं केलं की उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं उजव्या फाशातून काढायचं. मग ओढायचं ते खाली, टाचेच्या दिशेला. वर ओढलं तर फासा आवळतच नाही. टाच घट्ट बसते, पाय पुढे घसरत नाही आणि उतारावर नखं काळी पडायची थांबतात. शेवटची गाठ बांधल्यावर तिचे दोन कान बुटाला आडवे पडले पाहिजेत. उभे, म्हणजे बोटांकडून घोट्याकडे पडले तर गाठ उलटी बसलीय आणि ती वाटेत सुटणार. पहिला वेढा उलट दिशेने घ्यायचा, कान आपोआप आडवे होतात.

सुरुवातीची आठ मिनिटं नुसतं भरभर चालणं. मग कशाला तरी धरून एकेक पाय पुढे-मागे झुलवणं, दहा-दहा वेळा. गुडघे उचलत वीस पावलं, टाचा मागे मारत वीस पावलं. ताण धरून स्थिर उभं राहण्याचे प्रकार धावून झाल्यावर.

आणि मग वेग. इथेच घोडं पेंड खातं.

ठरतं नेहमी ‘किलोमीटरला सात मिनिटं, गप्पा मारत’. पहिला किलोमीटर ६:५५. दुसरा ६:३०. चौथ्यात पाच-पंचावन्न झालेले असतात आणि विचारलं तर कुणीच वेग वाढवलेला नसतो. खरंच नसतो. दोघं खांद्याला खांदा लावून पळताना त्यातल्या एकाचा खांदा चार बोटं पुढे जातो. दुसरा नकळत तो भरून काढतो. पहिल्याला वाटतं हा वाढवतोय, मग तो पुन्हा चार बोटं पुढे. मागच्या जोडीला पुढची पाठ लांब जाताना दिसते, तीही ओढली जाते. एकटा माणूस अशी चूक क्वचित करतो. ही घोळक्याची चूक आहे, त्यातही पुरुषांच्या घोळक्याची जरा जास्तच. चार पावसाळे जास्त पाहिलेले गृहस्थसुद्धा पंचविशीतल्या पोराच्या खांद्याला खांदा लावायला जातात आणि उरलेला आठवडा पोटरी चोळत बसतात.

ओळखायची खूण घड्याळात नाही, बोलण्यात आहे. दहा-बारा शब्दांचं वाक्य मध्ये श्वास न घेता पुरं झालं तर वेग बरोबर. उत्तरं ‘हो’, ‘ना’, ‘हं’ वर आली की गाडी घसरली. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम स्वतःच्या अंदाजाने मोजायची ६ ते २० ची पट्टी केली, तिच्यावर सावकाश धावणं साधारण ११-१२ वर बसतं. पण पट्टी लक्षात राहत नाही, वाक्य राहतं.

परतल्यावर लगेच कोंडाळं करून उभं राहायचं नाही. पायांच्या स्नायूंचा पंप एकदम बंद पडतो, रक्त खाली साठतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. गप्पा मारा, पण पाच मिनिटं चालत.

बुधवार

धावणं नाही. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून एका पायाने टाच वर, तीन मोजत खाली. पंधराचे तीन फेर, दोन्ही पायांना. पोटरी आणि टाचेमागची शीर धावण्याचा सगळ्यात मोठा भार उचलते आणि चाळिशीनंतर तीच आधी कुरकुरते. वर जाताना घाई चालते, खाली येताना नाही.

गुरुवार, फार्टलेक

स्वीडिश शब्द, अर्थ ‘वेगाचा खेळ’. स्वीडनचे प्रशिक्षक यॉस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात तो रूढ केला. घोळक्यासाठी याच्याइतका सोयीचा प्रकार दुसरा नाही, कारण तो अंतरावर न चालता वेळेवर चालतो. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश, असे आठ फेर. जोराच्या मिनिटात जो तो आपापल्या दमाने. सावकाशच्या दोन मिनिटांत पुढच्यांनी वळून मागे यायचं आणि शेवटच्या गड्याला गाठून पुन्हा पुढे निघायचं. पुढच्यांना जादा अंतर मिळतं आणि मागचा एकटा पडत नाही.

बिघडतं कुठे, तर पहिल्या मिनिटात. सगळे बंदुकीतून सुटल्यासारखे जातात आणि पाचव्या फेरीला मांड्या शिशाच्या होतात. आठवा फेर पहिल्याइतकाच निघाला पाहिजे, हे माप धरलं तर पहिला आपोआप आवरता येतो. पोटात बरगडीखाली चमक आली तर थांबायचं कारण नाही. वेग कमी करून लांब उच्छ्वास सोडायचे आणि हाताने ती जागा दाबून धरायची, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत जाते.

घड्याळाबद्दल. मनगटाच्या मागचा हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजतो तो कातडीखालच्या रक्ताच्या हेलकाव्यावरून. पट्टा सैल असला किंवा हात गार असला की त्याला रक्ताचा हेलकावा सापडत नाही, पावलांचा हिसका सापडतो. मिनिटाला १६५-१७० पावलं पडत असतात, तोच आकडा तो ठोके म्हणून दाखवतो. आरामात गप्पा मारणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचं घड्याळ १६८ दाखवत असेल तर आधी पट्टा बघावा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट. तरी शंका वाटली तर गळ्यावर बोट ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं.

कमाल ठोक्यांचं २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं, हे २००१ चं सूत्र तितकं पाठ नाही. चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० येतं. साठीला एक १६० सांगतं, दुसरं १६६. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणून ग्रुपवर एकमेकांचे आकडे टाकून तुलना करण्याइतका निरुपयोगी उद्योग नाही. (तो तरीही रोज चालतो.)

शनिवार

विश्रांती. बुटांचे तळ तपासण्याचा दिवस. ५०० ते ८०० किमीमध्ये फोम बसतो. तळाची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसायला होतं. बूट टेबलावर ठेवून मागून बघावा. टाचेचा भाग एका बाजूला कलला असेल तर तो गेला. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं की लोक गोळी शोधतात, त्याआधी बूट आणि गेल्या दोन आठवड्यांचं अंतर बघावं. दुखणं लांबच लांब पट्टीत असेल तर बहुधा भार एकदम वाढल्याचं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं असेल आणि चालतानाही दुखत असेल तर धावणं बंद करून डॉक्टरकडे, हाडाला बारीक तडा असू शकतो.

रविवार, लांब धाव

आज ७० मिनिटं. किलोमीटर मुद्दाम ठरवलेले नाहीत.

मंगळवारचा रोग भाषणाने बरा होत नाही. ‘सगळ्यांनी सोबत राहा’ असं कितीही वेळा बजावलं तरी दुसऱ्या किलोमीटरला माळ तुटते. त्यापेक्षा बांधणीच अशी करावी की सोबत आपोआप राहील. सगळ्यांनी एकाच क्षणी ३५ मिनिटांचा गजर लावायचा आणि सरळ एका रस्त्याने निघायचं. गजर वाजला की जिथे असाल तिथून उलटं फिरायचं. किलोमीटरला ५:०० च्या वेगाचा गडी तोवर ७ किमीवर असतो, ७:०० चा ५ किमीवर. उलटं फिरताच सगळ्यात मागचा सगळ्यात पुढे होतो आणि वेगवान त्याच्या मागे येऊ लागतात. प्रत्येकाने जाताना धरलेलाच वेग येतानाही राखला तर ७० व्या मिनिटाला सगळे एकदम दारात. कुणी कुणासाठी थांबत नाही आणि कुणामुळे कुणी थांबलं याचा ओशाळेपणाही नाही. चोरही आपोआप सापडतो. ६३ व्या मिनिटाला जो पोचला, त्याने परतताना शर्यत लावली. ८० व्याला जो आला, तो जातानाच दुसऱ्याच्या वेगाने पळाला. पथ्य एकच, रस्ता सपाट हवा. जाताना उतार असेल तर येताना चढ सगळा हिशेब मोडतो. मग जाण्याचा वेळ चार-पाच मिनिटांनी कमी ठेवावा.

दुसरी सोय म्हणजे शेपटाचा माणूस. तो पाळीपाळीने ठरलेला आणि अनुभवी असावा, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. तिथे नवशिक्याला ठेवू नये.

अंधारात समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावायचं, दोघादोघांच्या ओळीत. पुढून गाडी दिसली की पहिला ओरडतो ‘एका ओळीत’, आणि तो शब्द मागे मागे पोचवायचा. खड्ड्यालाही तसंच. चमकत्या पट्ट्या छातीवर असतातच, त्याहून महत्त्वाच्या घोट्यांवर. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की चालकाला तो माणूस आहे हे लांबूनच कळतं, छातीवरची स्थिर पट्टी एखादी पाटीही वाटू शकते.

आता नावडता विषय. पुरुष दुखणं लपवतात. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वेगाच्या मानाने जादा धाप, गार घाम, यातलं काहीही आलं की ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पळत राहणारा गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. नियम असा हवा की ही तक्रार ऐकणाऱ्याने स्वतः थांबायचं, तक्रार करणाऱ्यावर ते सोडायचं नाही. तो कोसळला, हाका मारून हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दाब द्यायला घ्यायचे. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि देणाऱ्याला ते कळत नाही. जवळचं हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र कुठे आहे आणि पहाटे ती जागा उघडी असते का, हे आधी जाऊन पाहून यावं. बऱ्याच ठिकाणी ते कुलपात असतं.

हळू धावणं कमीपणाचं वाटणाऱ्यांसाठी एक खरी हकिगत. १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले. लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये साध्या नागरिकांना, त्यात हृदयविकार झालेलेही होते, सावकाश पळायला लावलं होतं. बॉवरमन तेव्हा ५१ वर्षांचे. ते त्या घोळक्यासोबत निघाले आणि मागे पडले. सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला, त्यांच्यासाठी वेग कमी करून सोबतीला थांबला. बॉवरमन अमेरिकेत परतले ते हा प्रकार सोबत घेऊनच. ऑलिम्पिकचे खेळाडू घडवणारा माणूस शेपटाला होता, आणि शेपटाचा माणूस आपलं काम चोख करत होता.

बूट ओले झालेत. आतली गादी काढून वेगळी वाळत घालायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. उन्हात किंवा हीटरपुढे नाही, चिकटवलेला सांधा सुटतो. उद्या रात्री नाडी सैल करायची आहे.