बाथटबमधली बिअर आणि तीन किलो बर्फ

महिन्यातून एका शनिवारी लीड्समधल्या आमच्या भाड्याच्या घरातला बाथटब रात्री आठ ते नऊ माझ्या ताब्यात असतो. घरातले बाकीचे तिघं सातलाच आंघोळी उरकून घेतात. त्या तासाभरात घरच्या बिअरसाठीचा बारा लिटर उकळता वर्ट वीस अंशांवर आणायचा असतो.

मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, तासभर गरम पाण्यात ठेवून जो गोड रस निघतो तो वर्ट. त्यात हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागायचा. १९६३ साली ती अट गेली. स्वतःपुरती करा, विकू नका, एवढंच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी नुसतं वाचावं.

दही लावताना आई दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची आणि करंगळी बुडवून बघायची. कडकडीत दुधात विरजण मरतं, तसंच यीस्टही मरतं. पण वर्ट आपोआप निवेपर्यंत वाट बघणं महागात पडतं. तो कोमट झाला की जंतूंना मेजवानीच. गोड आहे आणि त्यात अजून अल्कोहोलही नाही. शिवाय गरम वर्टमध्ये माल्टमधूनच एक गंधकयुक्त पदार्थ तयार होत राहतो. उकळताना तो वाफेबरोबर निघून जातो, पण उकळी थांबल्यावर आतच साठतो. पहिल्या खेपेला मी पिल्सनर नावाचं फिकट माल्ट वापरलं होतं आणि पातेल्यावर झाकण घालून ते रात्रभर ओट्यावर ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी बाटली उघडली, तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास! बारा लिटर बिअर मोरीत ओतताना फार वाईट वाटलं.

वर्ट गार करायचे तयार कूलर घ्यायचे तर पैसे नव्हते. मग दहावीचं विज्ञान कामाला आलं. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. बारा लिटर वर्ट शंभरावरून चाळीसवर आणायला ७२० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे नऊ किलो बर्फ. चाळीसवरून वीसवर यायला २४०, म्हणजे फक्त तीन किलो. सुरुवातीलाच बर्फ ओतणारे इथेच फसतात. वर्ट कढत असतो तेव्हा नळाचं साधं पाणीही भराभर उष्णता ओढून घेतं, कारण दोन्हींच्या तापमानात प्रचंड फरक असतो. जानेवारीत आमच्या नळाला सात-आठ अंशांचं पाणी येतं. बर्फ शेवटासाठी राखायचा.

पातेलं टबमध्ये कुकरच्या जाळीवर ठेवते, म्हणजे तळाखालूनही पाणी फिरतं. बाहेरचं पाणी आतल्या वर्टच्या पातळीपर्यंतच. जास्त झालं तर पातेलं डुलतं आणि टबातलं पाणी आत जायची भीती. मग जंतुनाशकातून काढलेला लांब चमचा घेऊन हळूहळू ढवळत राहायचं. ढवळणं सोडलं की कडेचा वर्ट गार होतो आणि मधला तसाच गरम राहतो. दुसरा हात टबच्या पाण्यात. पातेल्याला लागून असलेलं पाणी पाच मिनिटांत आंघोळीच्या पाण्यासारखं होतं, ते हाताने दूर सारायचं. दहाव्या मिनिटाला बूच काढून सगळं पाणी बदलायचं. मागच्या शनिवारी विसाव्या मिनिटाला थर्मामीटरवर ४१ दिसले.

आता बर्फ. दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मी धुऊन, पाऊण भरून, दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये ठेवते आणि त्या टबमध्ये सोडते. बर्फ थेट वर्टमध्ये कधीच टाकत नाही. फ्रीझरमधल्या बर्फात जंतू जिवंत असतात. थोड्या वेळाने वर्टमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखे तुकडे तरंगू लागतात. ती साकळलेली प्रथिनं. झपाट्याने गार केलं तरच ती अशी दिसतात आणि तळाशी बसतात. ते दिसले की मला हायसं वाटतं.

ब्रसेल्सच्या कँतियों ब्रुअरीत आजही वर्ट पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर निवत ठेवतात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच्या थंड रात्रींत. ती एक भली मोठी परातच! पण हवेतलं जंगली यीस्ट त्यांना हवंच असतं, मला नको असतं.

पुढच्या महिन्यात प्लंबिंगच्या दुकानातून दहा मीटर तांब्याची दहा मिलिमीटरची नळी आणून एका लहान पातेल्याभोवती वेटोळी घालणार आहे. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ती वर्टमध्ये बुडवली की निर्जंतुक होते. मग तिच्यातून नळाचं पाणी सोडायचं. बाहेर पडणारं पहिलं कढत पाणी बादलीत धरलं की भांडी घासायला होतं.

त्या शनिवारी छत्तिसाव्या मिनिटाला वीस अंश झाले. वर्ट उंचावरून धार धरून बादलीत ओतला, कारण यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. यीस्ट शिंपडलं, झाकण घट्ट लावलं आणि टब घासून सव्वानऊला घरच्यांच्या ताब्यात दिला. रविवारी दुपारी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले होते.