पहिल्या गिअरचा जोर

आज दुपारभर पडवीत लेगो टेक्निकचा, म्हणजे सुट्या तुकड्यांतून गिअर-मोटरसकट जोडायचा, खेळण्यातला ट्रक जोडत बसलो होतो. आमच्याकडे चिरे वाहतात तसला, मागचा हौदा उचलणारा. मोटरला थेट चाकं जोडली की गाडी लादीवर भन्नाट पळते, पण चढावर जागच्या जागी गुरगुरते. म्हणून मोटरवर ८ दातांचा गिअर, त्याला २४ दातांचा. वेग तिपटीने उतरला. २४ च्याच दांड्यावर पुन्हा ८ चा, त्याला ४० चा. एकूण वेग १५ पट कमी, म्हणजे जोर १५ पट जास्त! घर्षणात थोडा जोर जातो, पण उरतो तो भरपूर.

हौद्यात जांभ्याचे खडे भरले, पायरीला फळी टेकवली आणि बटण दाबलं. काय चढला म्हणून सांगू! हळूहळू, पण एकदाही न अडखळता.

शेजारचे काका बघत होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. म्हणाले, "दाभोळच्या फेरीबोटीतून भरलेली गाडी वर काढताना आम्ही असंच करायचो रे. पहिला गिअर, घाई नाही." मग त्यांनीच मागचं एक चाक बोटाने धरलं. दुसरं दुप्पट वेगाने फिरायला लागलं. "डिफरन्शियल पण आहे की!" म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हौदा उचलायला वर्म गिअर आहे, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्याने फिरणारं दातांचं चक्र. मोटर बंद केली तरी हौदा खाली येत नाही, कारण चक्र वर्मला उलटं फिरवू शकत नाही. मला या छंदातलं हेच सगळ्यात आवडतं.

उद्या स्टिअरिंग. कोणाकडे टेक्निकचे सुटे गिअर पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.